तेउराच्या गोधडीचा गोट

आइतुताकी,
१४ ऑगस्ट

लाडक्या मेरेआनाला थोरल्या बहिणीचे आशीर्वाद.

तू पाठवलेलं कापड पोचलं. इकडे सगळं ठीक. वाऱ्याने केळी आडवी केली, डुकरीण पुन्हा व्याली, पाळकबुवांचं प्रवचन अजून तेवढंच लांब आहे. तब्येतीचं विचारलंस, खाणं-झोपणं व्यवस्थित आहे.

तेउराच्या लग्नाची तिवाइवाइ होत आली. नातीची ही गोधडी आजीच्या व्हरांड्यातूनच जायला हवी. पांढऱ्यावर लाल जास्वंदी. फुलं सगळ्याजणींनी मिळून शिवली, गोट माझ्याकडे. गावात लग्न असो की मयत, गोट अकाइतीचाच, हे तू जाणतेस. पट्टी मी अजून तिरपी, उरेबच कापते. सरळ पट्टी घडीवर एकाच धाग्यावर झिजते आणि फाटते, हे आईने आपल्या डोक्यात बसवलंय ना.

व्हरांड्यात ओल येते म्हणून शेजारची तुआइने रोज संध्याकाळी गोधडी आपल्या घरी नेते. काल तिने सकाळीच आणून ठेवली होती. मी मांडीवर घेऊन कडेवरून बोट फिरवलं. टाके बारीक, एकसारखे. म्हटलं, म्हातारीचा हात अजून शाबूत आहे हो! मग बोट कोपऱ्यावर आलं आणि तिथे कापडाचा जाड गठ्ठा लागला. मी घडी घालण्याआधी आतलं जादा कापड कापून टाकते, माझा कोपरा पातळ असतो. हा माझा नव्हताच.

दुपारी तुआइने, पोको आणि पोकोची सून नूरोआ आल्या. मी विचारलं, "माझा गोट कुणी उसवला?"

"उंदरांनी," पोको म्हणाली.

"उंदीर कधीपासून सुईत दोरा ओवायला लागले?"

नूरोआ रडकुंडीला आली. "मावशी, तुमचे टाके पट्टीवरून घसरतात. काही तर कापडाला लागतच नाहीत. ईस्टरपासून आम्ही घरी नेऊन उसवतो आणि परत शिवतो."

"मग तोंडावर सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं," तुआइने म्हणाली, "तर तू आम्हाला चहा पाजला असतास आणि दुसऱ्या दिवसापासून दार लावून बसली असतीस. आम्ही काय तुला आज ओळखतो?"

खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं. न्या ती गोधडी आणि परत येऊ नका, असं मी म्हटलं. त्या गेल्या.

मेरे, मला दिसत नाही गं. समोर बघितलं की मधोमध करडा डाग दिसतो. माणसाचं तोंड नेमकं त्यातच जातं. आजूबाजूचं तेवढं दिसतं. तुझी पत्रं नूरोआ वाचून दाखवते, चष्मा सापडत नाही असं तिला दर वेळी सांगते. लिहिते मात्र मीच, ओळीखाली बोट धरून अंदाजाने. तू डोळ्यांचं विचारतेस आणि मी डुकरांचं लिहिते. शिवणकाम सुटलं तर या बायका कशाला येतील माझ्याकडे, ही भीती होती.

१५ ऑगस्ट

न बोलावता आल्या आज. नूरोआने गोधडी माझ्या मांडीवर ठेवली. "मावशी, सरळ कडा आम्ही शिवतो. कोपरे मात्र तुम्हीच घाला."

"दया नको मला."

"दया कसली?" पोको म्हणाली. "असले गठ्ठे बघून तेउराच्या सासरचे आम्हाला हसतील."

मग मी कोपरे उसवले, जादा कापड चाचपून कापलं, घड्या घातल्या. तीन कोपरे नूरोआने शिवले. चौथा मी कुणाला दिला नाही. बोटाच्या अंदाजाने शिवला, दोनदा सुई टोचून घेतली.

"कसा झालाय?" मी विचारलं.

"वाकडा," तुआइने म्हणाली.

"फार?"

"बराच."

मी कात्री तिच्यापुढे सरकवली. तिने ती डब्यात टाकून झाकण लावलं. "राहू दे. आजीने शिवलाय हे तेउराला कळू दे." मी त्यांच्यासमोर ढसाढसा रडले, आणि कुणी उठून गेलं नाही.

तिकडे ऑकलंडच्या डॉक्टरांना विचारून ठेव. लग्न झालं की मी येते. फार आशा नाही. पण डोळ्यांना थोडं दिसतंय तोवर तुला बघायचं आहे. तू समोर नको बसूस, शेजारी बस.

तुझीच,
अकाइती