पोथीतली ताई

लाखांदूर

माय, अमर तुझ्या पाया पडतो. फोनवर तुले नीट ऐकू येत नाही, म्हून लिहून राहिलो. अपेक्षाकडून वाचून घेजो. गुडघा कसा आहे?

आपल्या घराण्याच्या वंशावळीची पोथी लिहिणाऱ्या भाटाचं घर सापडलं. जेवलोही तिथंच. बारशाआधी गेलेलं लेकरू पोथीत चढत नाही, म्हून आशा सोडली होती. पण ताई आहे, माय. बाबाच्या नावाखाली पहिलीच, माझ्याही आधी.

म्हातारा भाट म्हणे, आबाजी एकोडीहून सायकलनं आले, अन् लिहून घेतल्याशिवाय उठलेच नाही. तू अजून म्हणतेस, पोर गेली तरी सासरा रडला नाही.

नाव ज्योत्स्ना लिहिलं आहे. तू तिच्या कानात म्हणायची तेच. आबाजीनं ऐकलं होतं.

तुझा,
अमर