जुना फ्लॅश आणि न वाचलेलं पान

अण्णा, होसकोट्याच्या कारखान्यात जळालेल्या त्या कॅमेऱ्याबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, आणि तो कॅमेरा तर आता भंगारवालाही उचलणार नाही. तरी बोलायचं आहे, कारण त्या दिवशी चूक कुणाची होती हे फक्त आपल्या दोघांनाच ठाऊक होतं. तुम्ही त्याबद्दल एक अक्षर न काढता गेलात, आणि मी तेव्हापासून गप्प आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. यशवंतपूरला तुमची ती एका खोलीची जागा. लग्नाचे फोटो सांगायला कुणी आलं की तुम्ही त्याला पुढच्या गल्लीतल्या स्टुडिओचा रस्ता दाखवायचात, कारण तुम्ही यंत्रांचे फोटो काढायचात. लेथ, पंप, गिअर, कारखान्यांच्या कॅटलॉगसाठी. "यंत्र हलत नाही आणि फोटो बघून रुसत नाही," असं वर ऐकवायचात. माझं ऑफिस तेच कॅटलॉग सीडीवर करून द्यायचं. माझी नोकरी नवी होती, अजून कायम झाले नव्हते. साहेबांनी परदेशातून डिजिटल कॅमेरा मागवला, तो नुसताच आला, ना लेन्स ना फ्लॅश. त्याला बसतील अशा लेन्स तुमच्याकडे आहेत हे मला माहीत होतं. मी मोठ्या ऐटीत सांगून टाकलं की काय घ्यायचं आणि काय नाही ते माझे वडील ठरवतील.

तुम्ही किती हौसेने बसला होतात अण्णा! स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून लेन्स ओळीने मांडलेल्या, आई पोळ्या लाटायला जागा मागते आहे आणि तुम्ही तिला तुमच्या कानडीमिश्रित मराठीत "स्वल्प थांब गं" म्हणता आहात. तुमची अठ्ठावीस मिलिमीटरची लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चढवून तुम्ही आईकडे रोखली आणि म्हणालात, "ही अशी काय जवळ आली?" मग पुठ्ठ्यात एक छोटी खिडकी कापलीत, कॅमेऱ्याच्या आतल्या चिपच्या मापाची, आणि ती जुन्या निगेटिव्हवर ठेवली. चारी कडा गेल्या. अख्खा लेथ होता तिथे नुसतं मधलं चाक उरलं. लेन्स आता कितीपट जवळचं दाखवणार हा कॅमेऱ्याच्या पुस्तिकेतला आकडा मी वाचून दाखवायच्या आधीच तुम्ही पुठ्ठ्यावरून तो काढला होता. यादी केलीत: विसाची, जास्त रुंद दाखवणारी लेन्स विकत घ्यावी, नाहीतर मोठं यंत्र मावणार नाही. सुट्या भागांना आपली पन्नासची चालेल. झूम घेऊ नये. मला तुमचा इतका अभिमान वाटला होता, आणि तो बोलून दाखवायचं मला सुचलं नाही.

राहिला फ्लॅश. दांडीचा तो जुना, जड फ्लॅश तुम्ही हातात तोलत होतात. कुठलंही नवं यंत्र आणलं की त्याची पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून घ्यायची आणि मगच त्याला हात लावायचा, ही तुमची शिस्त. इंग्रजी तुम्हाला अडखळत यायचं, म्हणून शाळेपासून वाचायचं काम माझ्याकडे. मिक्सर असो की एन्लार्जर, मी वाचायची आणि मराठीत सांगायची. त्या दिवशी मला कंटाळा आला होता. तुम्ही विचारलंत, "आपला फ्लॅश ह्याला चालेल का, की नवा घ्यायचा? मागच्या पानांत बघ." मी पानं उलटल्यासारखी केली आणि म्हटलं, "तिथे नेहमीचंच आहे अण्णा, पाण्यात टाकू नका, मुलांना देऊ नका. वायर बसते ना? मग चालेल." तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत. म्हणालात, "सरी, बरं. तू वाचलंस ना, मग झालं."

होसकोट्याला तुम्ही तासभर नुसता प्रकाश लावत होतात. यंत्राच्या अंगावर चमक नको म्हणून पांढरी चादर धरून ठेवायला लावलीत मला. पहिला फोटो छान आला, कॅमेऱ्याच्या पाठीवर लगेच दिसला तेव्हा तुम्ही हसलात. दुसराही आला. तिसऱ्यांदा फ्लॅश उडाला आणि कॅमेऱ्याच्या पाठीवरचे आकडे गेले. तुम्ही बॅटरी काढली, घातली, शर्टाला हात पुसून पुन्हा काढली. मी बाजूला जाऊन पुस्तिका उघडली. शेवटून चौथ्या पानावर, चौकटीत छापलं होतं की जुन्या फ्लॅशमधून येणारा विजेचा दाब ह्या कॅमेऱ्याला सोसत नाही, आतला भाग जळू शकतो. मी ते दोनदा वाचलं आणि पुस्तिका पर्समध्ये ठेवली. तुम्ही पाहिलंत मला ते पान वाचताना. मग तुम्ही फ्लॅशची वायर गुंडाळायला घेतलीत.

साहेबांनी ऑफिसात एवढंच विचारलं, पुस्तिका वाचली होती का. तुम्ही खांद्यावरची बॅग तशीच ठेवून उभे होतात. तुम्ही माझ्याकडे बघत नव्हतात, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतात. आणि मी इंग्रजीत म्हणाले, वडील जुन्या पद्धतीचे आहेत, त्यांना ह्या नव्या गोष्टी कळत नाहीत. इंग्रजीत म्हटलं कारण मला वाटलं, तुम्हाला समजणार नाही. तुम्ही पुढे झालात आणि म्हणालात, "सॉरी सर. मिस्टेक माइन."

बसमध्ये यशवंतपूर येईपर्यंत आपण शेजारी शेजारी बसलो होतो. उतरताना तुम्ही विचारलंत, "नोकरी राहील ना तुझी?" मी हो म्हटलं. "मग ठीक," म्हणालात आणि पुढे चालू लागलात. त्यानंतर ती बातमी कारखान्या-कारखान्यांत पोचली. परक्याचा महागाचा कॅमेरा जाळणाऱ्याला कोण बोलावणार? तुमच्या लेन्सना बुरशी लागू नये म्हणून कपाटात बारा महिने एक बल्ब जळायचा, देवापुढचा दिवा विझेल पण हा नाही, असं आई चिडवायची. काही महिन्यांनी तो तुम्ही स्वतःच काढून न्हाणीघरात लावलात. तिथला गेलाय, म्हणालात. मी ऐकून घेतलं आणि डबा घेऊन ऑफिसला गेले. पुढे मी कायम झाले, मग बढतीही मिळाली.

तुमच्या जाण्यानंतर लोक विचारायचे, अण्णांनी काम एवढ्या लवकर का सोडलं. मी डोळ्यांचं निमित्त सांगत आले. तुमचे डोळे शेवटपर्यंत स्वच्छ होते, सुईत दोरा तुम्हीच ओवून द्यायचात आईला. परवा माझ्या मुलीने हाच प्रश्न विचारला, तेव्हाही माझ्या तोंडून तेच निघालं. म्हणून हे लिहायला बसले.

पत्ता नाही म्हणून हे पत्र पाठवायचं राहणार आहे असं म्हणणं सोपं आहे अण्णा. पण त्या दिवसानंतर तुम्ही चार वर्षं होतात. रोज समोरासमोर ताटं असायची. सांगायला एक वाक्य लागलं असतं, आणि मी तुम्हाला भाजी वाढत राहिले. खरं सांगते, आज तुम्ही समोर येऊन बसलात, तरी हा कागद मी घडी करून पदराखाली लपवीन.