उन्हाळ्यापुरतं

आबा, तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून तुम्ही होतात तोवर मी तुम्हाला मनातलं असं पत्र कधी लिहिलं नाही. कार्ड आलं की तुम्ही ते मास्तरांकडे न्यायचात आणि मास्तर पारावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचायचे. मला जे सांगायचं होतं ते पारावर वाचण्यासारखं नव्हतं. तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. आज सकाळी आंबील ढवळताना ते पुन्हा वर आलं, म्हणून माठाशेजारी पाट टाकून लिहायला बसले आहे. खिडकीला पोतं बांधलंय, त्यावर मघाशीच पाणी शिंपडलं. बाहेर वैशाख तापलाय.

बहात्तरचा पाऊस झालाच नाही, त्यानंतरचा तो उन्हाळा. तुमचे जावई जाऊन वर्ष व्हायचं होतं. सायकलवर कापडाचे गठ्ठे बांधून ते आठवड्याचे बाजार करायचे. एका दुपारी बाजारातून आले, ओट्यावर भिंतीला टेकून बसले, आणि दिवस मावळायच्या आत गेले. ऊन लागलं, एवढंच डॉक्टर म्हणाले. त्यानंतर मी नगरलाच राहिले. त्याच खोलीत, त्यांच्याच मशीनवर कापड बाजारातल्या दुकानासाठी पांढऱ्या टोप्या शिवायला लागले. मग एका सकाळी आपल्या गावाहून, काष्टीहून, पहिल्या गाडीनं तुम्ही आलात. काखेत पिशवी, हातात तांब्याचा तांब्या, डोक्याला पटका. दारातच म्हणालात, "न्यायला आलोय. उन्हाळ्यापुरतं चल."

उन्हाळ्यापुरतं. तो शब्द माझ्या ओळखीचा होता. उन्हाळ्यात लेकीला न्यायला यायचं, चार दिवस माहेरी ठेवायचं, परत पोचवायचं, हे सगळ्यांच्याच घरी होतं. पण आत्यालाही तुम्ही उन्हाळ्यापुरतंच आणलं होतं. तिचे यजमान, आमचे मामा, वारल्यावर. मी तेव्हा परकर नेसत होते. आत्या आली ती आपल्या मागच्या पडवीतच म्हातारी झाली. सगळ्यांचं झाल्यावर जेवायची, सगळ्यांच्या आधी उठायची, आणि पाहुणे आले की जात्याच्या कोपऱ्यात सरकून बसायची. तिचा उन्हाळा संपलाच नाही. आई गेल्यावर घर दादा-वहिनींचं झालं होतं. वहिनी वाईट नव्हती, पण त्या पडवीत आता कोण बसणार हे मला दिसत होतं.

मी म्हणाले, लग्नसराई आहे, आहेराच्या टोप्या अंगावर घेतल्यात, त्या दिल्याशिवाय कसं निघू? तुम्ही मशीनजवळच्या ढिगाकडे बघितलंत. "मग थांबतो," म्हणालात, आणि ओट्यावर पिशवी ठेवलीत. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी तुमचा एकच प्रश्न. "किती ऱ्हायल्या?" ढीग खाली जाईल तसा माझा मशीनवरचा पाय जड व्हायचा.

आणि तुम्ही माझ्या घरचं काही खात नव्हतात. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरी पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, ही आपली रीत. मला मूल झालं नाही आणि आता होणारही नव्हतं. म्हणजे तुमची ती रीत जन्मभराची झाली होती. तरी मी रोज सकाळी काही ना काही करायचे. कधी ताकातल्या कण्या, कधी रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीची थालीपिठं, कुठून मूठभर रवा मिळाला तर तिखट सांजा. ताटली तुमच्यापुढे ठेवायचे. तुम्ही ती बोटानं हळूच माझ्याकडे सरकवायचात. "खा तू. वास ब्येस हाय." पोटाला बाहेर कुठंतरी खाऊन यायचात, आणि पाण्याला तांब्या घेऊन गल्लीच्या नळावर जायचात. तिथं शेजारच्या चाची तुम्हाला सोडायच्या नाहीत. "काय हो बाबा, नळ तोच, पाणी तेच. तुमच्या लेकीच्या माठात गेलं की काय जहर होतं का त्याचं?" तुम्ही म्हणायचात, "रीत हाय बाई." चाची म्हणायच्या, "रीतीला ऊन लागत नाही बाबा, माणसाला लागतं." आणि स्वतःच हसायच्या. मला हसू यायचं नाही. मी ते बघितलेलं होतं.

एक सकाळ मात्र मला गोड आठवते. ऊन चढायच्या आत मी शिवलेल्या टोप्या दुकानात द्यायला निघाले. पदर ओला करून डोक्यावरून घेतलेला, कमरेला कांदा खोचलेला. तुम्हीही बरोबर. माळीवाड्याच्या एका हॉटेलापुढं तुम्ही थबकलात. दारात फळा होता. मी आपली सहज वाचत गेले, मिसळ, भजी, शेव-चिवडा, गरम जिलेबी. तुम्ही माझ्याकडे वळून बघितलंत. "कुनी शिकवलं तुला?" मी म्हणाले, "कुणी नाही. किराणाच्या पुड्यांचे कागद सोडवत सोडवत आलं." तुम्ही तसेच आत गेलात. मी बाहेर सावलीच्या पट्टीत उभी. आतून तुमचं नाक ओढणं ऐकू येत होतं. "लई तिखट हाय रं! पन आन अजून रस्सा." बाहेर आलात ते डोळे पुसत, हातात जिलेबीचा पुडा. तो माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "काय लिव्हलंय वाच बरं ह्या कागदावर." मी वाचलं. साबणाची जाहिरात होती. तुम्ही मान हलवत इतकं गंभीरपणे ऐकलंत, जसं काही पोथीच. परतीच्या वाटेवर मला वाटलं, आता बोलावं. पण गल्ली आली, ओटा आला, आणि तुम्ही पटका सोडत विचारलंत, "किती ऱ्हायल्या?"

शेवटची टोपी मी तुमच्यासाठी शिवली. दुहेरी कापडाची, मागून जरा खोल, मानेवर ऊन पडू नये म्हणून. तुम्ही ती उलटसुलट बघितलीत. "लेकीच्या घरचा धागाबी न्हेऊ न्हाई," म्हणून मशीनवर परत ठेवलीत. "झालं न्हवं सगळं? उद्याच्या पयल्या गाडीनं निघू." मी खाली पडलेले धागे वेचायला लागले.

दुसऱ्या दिवशी नळ आला नाही. तुमचा तांब्या कोरडा, आणि नळाची वाट बघण्यात पहिली गाडी गेली. "हुकली तर हुकली, दुपारची बघू. स्टँडावर जाऊन इचारून येतो, तितंच च्या पितो," म्हणून निघालात. मी माठाकडे बोट केलं. तुम्ही हात हलवलात. माझं बोचकं आवरायला सांगून गेलात. मी बोचकं समोर घेतलं आणि तशीच बसून राहिले. दहा वाजले, अकरा वाजले. गल्लीतली कुत्रीसुद्धा गटाराच्या कडेला गेली. मी उंबऱ्यात उभी आहे. लांबून तुम्ही येताना दिसता. भिंतीला हात लावत लावत येताय, आणि त्या भिंतीला सावलीच नाही.

तुम्ही ओट्यावर बसता. पाठ टेकता. अगदी तिथंच. मी जवळ येऊन बघते तर कपाळावर घाम नाही. चेहरा कोरडा, तांबडा, हात लावला तर तव्यासारखा. "हाटिलं बंद हायेत सगळी. पानीच न्हाई कुटं," तुम्ही म्हणता, आणि जीभ टाळूला चिकटल्यासारखे शब्द येतात. मी माठातून तांब्या भरून आणते. तुम्ही तोंड फिरवता.

"प्या आबा."

"नगं. मूल न्हाई तुला. दिल्या घरचं पानी..."

मी तुमच्याशी आयुष्यात कधी मोठ्यानं बोलले नव्हते. त्या दिवशी सगळ्या गल्लीनं ऐकलं. "कुणाला दिल्या घरचं? ज्याला दिली तो हितंच, ह्याच भिंतीला टेकून गेला. असाच कोरडा! आता हितं जावई न्हाई. मशीन मी चालवते, भाडं मी देते, ह्या माठात पानी मी भरते. हे दिलं घर न्हाई आबा. हे माझं घर हाय."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत, माझ्या हातातल्या तांब्याकडे बघितलंत. मग तुम्ही विचारलंत, अगदी बारीक आवाजात, "तुजं?"

"माझं."

तुम्ही दोन्ही हात पुढे केलेत आणि तांब्या धरलात. मी तुमचा पटका सोडला, उरलेलं पाणी त्यावर ओतलं, डोक्यावर, मानेवर ठेवला. चाचींनी त्यांची कळशी धावत आणली, ती पायांवर ओतली. त्या दिवसांत ते पाणी म्हणजे काय होतं, तुम्हाला माहीत आहे. दिवस कलला तेव्हा तुमच्या कपाळावर घाम आला. मी पदरानं टिपला नाही. तसाच बघत बसले.

तुम्ही आत झोपलात, पहिल्यांदाच. अंधार पडताना म्हणालात, "तुज्या आत्यालाबी असंच आनलं हुतं. ती कदी काय बोलली न्हाई." मग थोड्या वेळानं, "आमीबी कदी इचारलं न्हाई." गाडीचं नाव तुम्ही काढलं नाहीत.

सकाळी चुलीजवळ येऊन बसलात आणि विचारलंत, "काय केलंय खायाला?" आंबील होती, लसूण-जिरं घातलेली, बरोबर तळलेली मिरची. मी वाटी भरून पुढे ठेवली. तुम्ही ती तोंडाला लावलीत, निम्मी संपवलीत आणि म्हणालात, "मीठ कमी हाय. तुजी आई बराबर घालायची." इतक्या महिन्यांत मला कुणी रागावलंसुद्धा नव्हतं. ते मीठ मी वाढलं ते डोळे खाली ठेवूनच. निघताना मशीनवरची टोपी तुम्ही स्वतःच उचललीत, डोक्यावर बसवलीत, पटका खांद्यावर टाकलात. "शेवटी बापाला टोपी घातलीसच," म्हणालात. चाची दारात उभ्या होत्या, त्या खळखळून हसल्या. बोचकं आतच राहिलं. एकटे गेलात.

त्यानंतर दर उन्हाळ्यात तुम्ही यायचात. तुम्हाला थालीपीठ कडक लागायचं, सांज्याला लिंबू लागायचं, आणि एक दिवस माळीवाड्याची मिसळ ठरलेली. मी फळा वाचायचे, तुम्ही सगळं आधीच पाठ असून ऐकायचात. दुपारी पोत्याच्या गारव्यात झोपायचात. टोपी जुनी झाली की मी नवी शिवायचे आणि तुम्ही दर वेळी तोच विनोद करायचात. शहरातला उन्हाळा तुम्हाला इतका मानवेल असं मला वाटलं नव्हतं.

हा कागद टाकायला पेटी नाही. घडी करून माठाच्या तिवईखाली ठेवीन, तिथं तो दोन दिवसांत ओला होऊन जाईल. म्हणून एवढं लिहिते. वैशाख लागला की गल्लीतल्या बायकांना कुणी ना कुणी न्यायला यायचं. बाप, भाऊ, कुणीतरी पिशवी घेऊन ओट्यावर बसलेलं असायचं. तुम्ही माझं घर माझं मानलंत, ते शेवटपर्यंत पाळलंत, आणि पुन्हा "चल" हा शब्द काढला नाहीत. मीच तसं मागितलं होतं. पण आबा, एखाद्या वर्षी तुम्ही म्हणाला असतात, चल, चार दिवस, परत पोचवतो, तर मी हातातली टोपी अर्धी टाकून आले असते.