गेटवरचं गाऱ्हाणं

मुलुंड,
दसरा उलटून गेल्यावरचा रविवार, १९८५

ती. लवूमामांच्या पायांवर (ते धुतलेले आहेत असं धरून) डोकं ठेवून सुलक्षणाचा नमस्कार.

तुमची कंबर कशी आहे? मामी बरी ना? गाय व्याली की अजून तुमच्यासारखीच आज-उद्या करतेय? इकडे आम्ही तिघं ठीक आहोत. आणि मामा, बसलेले नसाल तर बसा, मला नोकरी लागलीय. कशी लागली ते सविस्तर सांगते, कारण त्यात तुमचा हात आहे, आणि तो हात सापडला तर मी पिरगळणार आहे.

बाबांची गिरणी संपात गेली तेव्हापासून आमचं घर आईच्या डब्यांवर चाललंय, हे तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणजे मला नोकरी हवी होती ती काही हौस म्हणून नाही. अशा वेळी आम्ही मे महिन्यात गावी आलो आणि तुम्ही फणस सोलता सोलता मला नोकरी मिळवण्याची विद्या शिकवलीत. (तुम्ही! ज्यांनी उभ्या जन्मात एकच अर्ज केला, तोही तलाठ्याकडे, शेजाऱ्याच्या कुंपणाविरुद्ध.) साहेबाच्या डोळ्यात डोळे घालून बोलावं, म्हणालात. मी अंधेरीला एका औषध कंपनीत डोळे घातले. असे घातले की साहेब आधी चष्मा पुसायला लागला, मग टाय चाचपायला लागला, आणि शेवटी आपल्या चेहऱ्यावर काही लागलंय का म्हणून त्याने शिपायाला विचारलं. तिथे वाट लागली. मग तुमची दुसरी विद्या, ‘नाही’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. घाटकोपरला विचारलं, टायपिंग येतं? येतं. शॉर्टहॅण्ड? येतं. टेलेक्स? म्हटलं, टेलेक्सही येतं. (मला वाटलं टॅक्समधला काही प्रकार असेल.) त्यांनी नेऊन मला परगावचे निरोप छापणाऱ्या त्या मशीनपुढे बसवलं. मी हातसुद्धा लावला नव्हता, तर ते आपलं आपणच खडखडायला लागलं! मी किंचाळून उठले ती थेट बसस्टॉपवर. पर्स तिथेच राहिली होती, ती दुसऱ्या दिवशी आईने जाऊन आणली.

त्या दिवसापासून मी ठरवलं, इंटरव्ह्यूला खरं तेच बोलायचं, मामा गेले खड्ड्यात. (रागवू नका, खड्डा लहान होता.)

इतक्यात मुलुंडलाच आग्रा रोडवर बाटल्यांची बुचं बनवणाऱ्या कंपनीत टायपिस्टची जागा निघाली. पायी जाण्यासारखी. तेव्हा तुमच्या बहिणीला तुमची तिसरी विद्या आठवली, की गाऱ्हाणं घातल्याशिवाय कामाला हात घालू नये. देव गावी आणि आम्ही इथे, मग घालायचं कुठे? यावर बाबा जवळजवळ आठवड्याने पहिलं वाक्य बोलले. म्हणाले, नोकरी देणारा साहेब कोण टिकोजी? जागा ज्याची, तोच देणार. प्रत्येक जागेला राखणदार असतो, तसा त्या कंपनीलाही असणार, आणि त्याला गाऱ्हाणं घालायचं तर ते त्याच्याच दारात घालायला हवं. आई म्हणाली, बरोबर. मी म्हटलं, अहो पण गेटवर? दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच वेडी.

मी दहाला आत गेले. बाहेर बाबा नारळ घेऊन उभे राहिले, सोबत गिरणीतले त्यांच्या खात्यातले खंडूकाका. खंडूकाका बौद्ध, सोलापूरकडचे. ते बाबांना म्हणाले, दत्ताराम, तुझ्या राखणदाराला मी मानत नाही, तुझ्या पोरीला मानतो, चल. गाऱ्हाण्याला कुणीतरी ‘व्हय म्हाराजा’ म्हणणारं लागतंच ना.

आत मॅनेजरसाहेब. माणूस दिल्लीकडून नवीनच आलेला, आणि मुंबईतल्या संपाच्या गोष्टी ऐकून आधीच निम्मा वाळलेला. त्यांनी मला फावल्या वेळात काय करतेस असं विचारलं आणि खिडकीतून आवाज आला, ‘बा देवा, बारा पाचाच्या म्हाराजा!’ मामा, बाबांचा तो आवाज मी विसरूनच गेले होते हो. संप फसल्यापासून हा माणूस घरात पाणीसुद्धा खुणेने मागतो. आणि इथे मागांच्या खडखडाटावरून हाक मारायचा गिरणीतला गळा असा मोकळा सुटला की मी साहेबांना सोडून खिडकीकडे वळले. नेमकी कसली तरी पाळी सुटली होती. बुचं बनवणारे निम्मे आपल्याच मुलखातले. गाऱ्हाणं कानावर पडल्यावर आपला माणूस पुढे जाईल का? सायकली भिंतीला, डबे खाली, हात जोडलेले, आणि एकजात सगळे, ‘व्हय म्हाराजा!’ खिडकीची काच हलली. साहेबांचा पेन पडला.

बाबा आता रंगात आले होते. ‘ह्या माझ्या चेडवाच्या हातून बारावीक गणितात काय चूकमाक झाली असात, ती माफ कर रे म्हाराजा!’ व्हय म्हाराजा. ‘तोंड वायच फटकळ आसा, ता पोटात घाल रे म्हाराजा!’ ह्याला तर दुप्पट जोरात व्हय म्हाराजा. (ज्यांनी मला कधी पाहिलंही नाही, त्यांनी!) ‘मामाकडची काय नड असात, ती बारा वाटेक घालव रे म्हाराजा!’ याला मीसुद्धा आतून हळूच म्हणून घेतलं.

साहेब खिडकीशी गेले. खाली शे-सव्वाशे माणूस, पुढे एक जण डोक्यावर नारळ धरून ओरडतोय आणि मागचे मंजुरी देतायत. त्यांना वाटलं, गेट मीटिंग, आणि नारळाला ते दगड समजले. घाम पुसत विचारतात, हा लीडर कोण? मी खरं बोलायची शपथ घेतलेली. म्हटलं, माझे वडील. त्यांची मागणी काय आहे? म्हटलं, मला नोकरी द्यावी. आणखी? आणखी काही नाही. साहेबांनी एवढा मोठा श्वास सोडला की समोरचे कागद उडाले. मी राखणदार वगैरे समजावत होते, पण ऐकतो कोण! माझं नेमणुकीचं पत्र मलाच टाइप करायला बसवलं. (पगाराच्या आकड्यात एक शून्य वाढवायचा मोह झाला, पण पाप केलं नाही.) त्यात एक कलम असं, की मी कायम होईपर्यंत वडील गेटच्या आसपास दिसता कामा नयेत. दिसले, तर मी घरी.

तेव्हा नोकरी झकास आहे. मामीला नमस्कार, गाईला चारा, तुम्हाला काय द्यायचं ते भेटीत देईन.

तुमची फटकळ भाची,
सुलक्षणा

ता. क. ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते राहिलंच. कामगारांत बोलबाला झालाय की दत्तारामचं गाऱ्हाणं लागतं, पोरीला एका दिवसात नोकरी मिळाली. आता दिवाळीच्या बोनससाठी गाऱ्हाणं घाला म्हणून ते रोज घरी येतात. बाबा नको म्हणतात, पण चहा पाजतात. तेव्हा कृपा करून बाबांना लगेच गावी बोलावून घ्या. भातकापणी, देवळाचं छप्पर, तुमची कंबर, हवं ते कारण सांगा, फक्त माझं नाव नको. ही नोकरी गेली तर आईने आणखी किती डबे करायचे?

दुसरा ता. क. पत्र टाकायचं राहून गेलं आणि आज सोमवार. वरचं सगळं रद्द, बाबांना बोलावू नका. बोलावायचं तर माझी नोकरी गेली असं धरून तिघांना बोलावण्याची तयारी ठेवा. आज ते गेटवर आले. दाढी केलेली, धुवट सदरा, मागे सगळी पाळी हात जोडून. साहेब मला म्हणाले, खिडकी लाव. मी लावायला गेले. बाबांनी ‘बा देवा’ म्हणून वर पाहिलं, त्यांना मी दिसले, आणि त्यांचा आवाज तिथेच बसला. शंभर माणसं थांबलेली, आणि हा माणूस माझ्या नोकरीपायी पुन्हा गप्प, मान खाली. मामा, नाही बघवलं मला. मीच खिडकीतून ओरडले, ‘व्हय म्हाराजा!’ मग काय, बाबा सुटले ते सुटलेच.