एल म्हणजे लघु

प्रिय बाईसाहेब,

सकाळपासून आपला अबोला चालू आहे. पण अबोल्यात लिहायलाही बंदी, असं तू कधी म्हणाली नाहीस. तुझ्या नव्या टूथब्रशनं मी सायकलची चेन घासली, हे खरं. जुना सापडला नाही. पण चेनचा एकेक दुवा असा उजळलाय, की रागवायच्या आधी एकदा बघायला हवं होतंस.

तुला आठवतं, लग्नाआधी हीच सायकल घेऊन तू कामावर जायचीस? साऱ्या गल्लीत गिअरची सायकल तुझी एकटीची. माझी साधी. चढ आला की मी तुझ्यासाठी कविता म्हणायला घ्यायचो, तू ‘खट्’ करून गिअर बदलायचीस, आणि मी दुसऱ्या कडव्याला धापा टाकेपर्यंत तू वरच्या वळणावर उभी राहून विचारायचीस, “अहो कवी, संपली का?”

तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सायकल चालवा, मात्र हलक्या गिअरवर. तिथं तू मान डोलावलीस. घरी येऊन म्हणालीस, “या वयात? लोक हसतील,” आणि भंगारवाल्याला आज संध्याकाळी यायला सांगितलंस. तेव्हापासून तू खिडकीपाशी बसतेस. चढावर मला मागं टाकणारी बाई खिडकीत बसलेली मला बघवत नाही गं. म्हणून भंगारवाला यायच्या आत सायकल चालती करायचीच, असा चंग बांधला.

मागच्या चाकाशी लोंबतो त्या सांगाड्याला डिरेलर म्हणतात. तो चेनला लहान-मोठ्या चक्रांवर ढकलतो. त्याला दोन बारीक स्क्रू, एकावर एच, दुसऱ्यावर एल. मास्तरांनी छडी मारून लघु-गुरू शिकवलेला माणूस मी. एल म्हणजे लघु, लघु म्हणजे लहान चक्र, यात शंका कसली? चेन लहान चक्रावर जाईना, म्हणून एल चांगला ढिला केला आणि हातानं पेडल फिरवलं. चेन मोठ्या चक्रावर चढली, तेही ओलांडून पलीकडे गेली आणि थेट चाकाच्या तारांमध्ये जाऊन रुतली. वृत्तभंग म्हणतात तो हा!

सायकलवाल्याला फोन केला. तो म्हणाला, “काका, एल म्हणजे लो! हलका गिअर, मोठं चक्र!” मी म्हटलं, मोठ्याला लो म्हणायचं हा कुठला न्याय? तो म्हणाला, “काका, गिऱ्हाईक उभं आहे,” आणि फोन ठेवला. एल मी पुन्हा आवळलाय. तुझा हलका गिअर आता जागच्या जागी आहे.

पण पत्राचं कारण वेगळंच. मघाशी चेन रुतली त्याच फेऱ्यात माझा पायजमाही पुढं पेडलच्या चक्रात गेला. मागं चेन रुतलेली, त्यामुळे पेडल ना पुढं जातं ना मागं, आणि मीही. तुला फोन केला. स्वयंपाकघरात तो वाजला आणि तू तो बंद केलास, हेही ऐकलं. म्हणून इथंच दाराबाहेर स्टुलावर बसून लिहितोय आणि कागद दाराखालून आत सरकवतोय. रस्त्यात बसून माझीसुद्धा चेन चढवून द्यायचीस ती तू. तेवढ्यासाठी बाहेर ये. अबोला मोडू नकोस, चेन चढवायला बोलावं लागत नाही. फक्त लवकर ये, कारण भंगारवाला फाटकाशी आलाय, त्याच्याकडे तराजू आहे, आणि या घटकेला आम्हा दोघांना एकत्रच तोलावं लागेल.

तुझाच,
सायकलसकट