सरांनी निवडलंय, असं मी सांगितलं

रवि., ७ डिसेंबर
अंबरनाथच्या मैदानावर फुटबॉलचा सामना, आमची मुक्ता पुन्हा बाकावर. शेवटची सहा मिनिटं उतरवली. क्लबची फी सगळ्या मुलींची सारखी. खेळायला मिळतं ते मंगळवार-गुरुवार कोच सरांकडे जादा पैसे भरून वेगळी 'पर्सनल' लावणाऱ्यांना. बाहेर उभ्या असलेल्या प्रत्येक आईला हे माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. मीही नाही बोलले.
बदलापूरला परतताना स्कूटरवर मागून मु. म्हणाली, "सहा मिनिटांत तीनदा बॉल मिळाला मला." तक्रार नव्हती. आनंदाने सांगत होती. तेच जास्त लागलं.

सोम., ८ डिसें.
ह्यांना म्हटलं, ही सरळ अडवणूक आहे. हे कारखान्यातून नुकतेच आलेले. बूट काढता काढता म्हणाले, "शाळेची फी भरूनही पोरं तुझ्याकडे गणिताला येतातच ना?"
मी म्हटलं, मी कुणाला मागच्या बाकावर बसवत नाही. त्यावर नुसते हसले. वीस वर्षं शिकवणी घेते, या बाजूने कधी बघितलं नव्हतं. उद्या उत्तर... राहू दे.

शुक्र., १२ डिसें.
भरली पर्सनलची फी. मु.ला कळलं तर ती जाणार नाही. बाराव्या वर्षीच फार ताठ आहे (कुणावर गेली, ते हे रोज सांगतात). म्हणून सांगितलं, जादा सरावासाठी सरांनी तुला निवडलंय. तिने लगेच मोरीत जाऊन बूट धुतले. मग धुतलेलेच पुन्हा धुतले.
शिकवणीत वडिलांची खोटी सही करून आणणाऱ्याला मी तासभर उभं करते.

गुरु., १८ डिसें.
उल्हासनगरचा टर्फ, पर्सनलचा सराव. जाळीबाहेर आयांची रांग. मु. डाव्या बाजूने धावते तेव्हा जीभ जराशी बाहेर असते. अक्षर गिरवायची तेव्हाही असायची. मला या खेळातलं काही कळत नाही. पण बघत राहावंसं वाटतं, एवढं खरं.

रवि., २१ डिसें.
पहिल्या अकरांत नाव. पूर्ण सामना खेळली. हरलो, १-२. तो एक गोल मु.च्या पासवर.
नंतर कविता आली. उल्हासनगरची, तिची जिया पर्सनलच्याच बॅचला. मु.च्या पाठीवर थाप मारून मला म्हणाली, "अच्छा किया दीदी, पर्सनल लगा दिया. उसके बिना सर देखते ही नहीं." बाईच्या मनात काही नव्हतं. कौतुकच करत होती.
येताना मु.ने माझ्या कमरेला धरलं नाही. स्कूटरची मागची कडी धरून बसली, घरापर्यंत.

सोम., २२ डिसें.
जेवताना शांतपणे विचारलं तिने, "मग मी चांगली खेळते की नाही?"
म्हटलं, खेळतेस.
"तुला कळतं त्यातलं?"
नाही म्हटलं. दुसरं खोटं निघेना तोंडातून. चुकले, असंही म्हटलं. "हं," म्हणाली आणि ताट उचललं.
माझ्याकडे पालक येतात, आमचा हुशार आहे ना हो, विचारतात. मी फटकन सांगून टाकते, वहीत बघत. त्यांच्या चेहऱ्याकडे कधी...

मंगळ., २३ डिसें.
सरांना टर्फवर गाठलं. पंचविशीतला मुलगा. म्हणाला, "मॅडम, तिचा डावा पाय चांगला आहे." मग आधी का नाही खेळवलंत? "पर्सनलला आली तेव्हा दिसलं. रविवारी चाळीस मुली असतात, कुणाकुणाकडे बघू?"
खोटं बोलत नसावा. लबाड निघाला असता तर सोपं गेलं असतं. घरी येऊन मु.ला जसंच्या तसं सांगितलं. डाव्या पायाचं दोनदा सांगायला लावलं.

शनि., २७ डिसें.
पर्सनल बंद. निर्णय तिचा. "आता सरांना पाय माहीत आहे. आता बघू दे." भरलेले दिवस तरी जा, म्हटलं. नको. हे म्हणाले, ती म्हणते तसं कर.
सकाळी कंपाउंडच्या भिंतीवर एकटीच बॉल मारत होती. कचरा टाकायला खाली गेले तर मलाच उभं केलं मध्ये. "आई, बाजूला होऊ नकोस ना. अडव मला." कसं अडवायचं तेही दाखवलं. दोनदा अडवला. तेव्हा हसली, रविवारनंतर पहिल्यांदा. गुडघा ठणकतोय. पहिल्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून बघत होत्या. बघू देत.

शनि., ३ जानेवारी
उद्या सामना, सकाळी आठला. संध्याकाळी क्लबच्या ग्रुपवर पहिल्या अकरांची यादी आली. मी मोबाइल उचलला तर मु.ने वर हात ठेवला. मैदानावरच कळू दे, म्हणाली.
डोक्याला तेल लावून घेत होती, पाठ माझ्याकडे. विचारलं, बाकावर बसवलं तर?
"बसेन."
तेलाच्या बाटलीचं झाकण लावलं तिने. मग, "पण तू ये. आणि सरांशी बोलू नकोस."
नाही बोलणार, म्हटलं. वेण्या घट्ट घातल्या.
हे दोनदा येऊन विचारून गेले, नाव आहे का ते. बघितलं नाही, सांगितलं. तिसऱ्यांदा आले ते माझ्याजवळच बसून राहिले. मोबाइल टेबलावर आहे.