सर्वणहून गेलेली माती

मास्तर,

हे लिहितो आहे तुम्हाला, पण ऐकावं ते विद्यापीठात मार्गदर्शक म्हणून खुर्च्या अडवून बसलेल्या आम्हा सगळ्यांनी. राबणाऱ्याचं नाव तळाला आणि बोलणाऱ्याचं वर, ही तक्रार आपण सगळेच करतो. परदेशी लोकांकडे बोट दाखवून तर फारच आवेशाने करतो.

डिचोलीच्या शाळेत मी तुमचा विद्यार्थी होतो, तेव्हाचा तो दिवस आठवतो. वर्गातल्या एका मुलीने जमवलेल्या माहितीवर बेतलेलं, खाणीच्या मातीवरचं माझं भाषण संपलं, टाळ्या पडल्या, आणि तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत, "भाषण बरा झाला रे. पण शेताशेतात फिरान म्हायती जमवली कोणी? त्या चेडवाचा नाव खय गेला?" मी मान खाली घातली. तेवढ्यापुरतीच.

महामारीच्या आधी युरोपातल्या एका विद्यापीठाशी आमचा करार झाला. खाणीचा गाळ बसलेल्या शेतांत कोणते जिवाणू तगतात, ते दोघांनी मिळून शोधायचं. माझी विद्यार्थिनी डिचोलीजवळच्या सर्वण गावची, शेतकऱ्याची मुलगी. तिने चिखलात उतरून माती भरली आणि पिशव्यांवर आकडे न घालता शेतांची नावं घातली, गावात म्हणतात तशी: व्हाळाकडची, फणसाखालची, म्हातारीची. पिशव्या विमानाने गेल्या. मागोमाग ती सहा महिने तिथल्या प्रयोगशाळेत जाणार होती, तोच विमानं बंद झाली आणि ती गावातच अडकली.

"माती पावली सर, हांव हांगाच," ती फोनवर हसत म्हणाली.

तिथल्यांना पिशव्यांचा अर्थ लागेना. मग रोज दुपारी ती नेटवर्कसाठी घरामागची टेकडी चढते, छत्री धरून बसते, एकेक शेत समजावते: गाळ कधी आला, भात कुठे जळलं. एक दिवस तिने विचारलं, "सगळी यादी दिली की मागीर माझी गरज कितें, सर?"

"अगो, विश्वास ठेव," मी म्हणालो. तिने यादी दिली.

निबंध तयार झाला. प्रयोगशाळेत हजर होते त्यांचीच नावं, तिचे शेवटी आभार. माझं नाव मात्र तिसरं, कारण करारावर सही माझी. पडद्यावरून तिथल्या प्राध्यापकांनी विचारलं, कुणाची हरकत? साम्राज्यशाहीवर दोन तास बोलणारा मी, माइक बंद ठेवून बसलो. पुढचा करार हातचा जाईल, ही भीती. करार टिकला. तिने संशोधन सोडलं. आता औषधांच्या कारखान्यात गोळ्यांची पाकिटं तपासते.

दोष महामारीचा, असं मी सभांतून सांगत फिरलो. महामारीने विमानं बंद केली होती, माझं तोंड नव्हे.

मार्गदर्शकांनो, मातीची पहिली पिशवी हलण्याआधी ती भरणाऱ्याचं नाव लेखकांत लिहून घ्या.

आणि मास्तर, तिचं नाव घाला, असं पत्र मला तो निबंध छापणाऱ्या नियतकालिकाच्या संपादकांना लिहायचं आहे. ते सोडून हे लिहीत बसलो, कारण तुम्ही गेलात, आता उलट विचारणार नाही.